अक्कांचा गुडघा आणि माझी कंबर

माझी कंबर आजवर एकदाही दुखलेली नाही. तरी बंगळुरातल्या जयनगरात, आमच्या गल्लीत माझ्या कंबरेइतकं नाव कमावलेली कंबर दुसरी नाही. इस्त्रीवाला तिची चौकशी करतो. भाजीवाली मला पिशवी उचलू देत नाही. देवळात प्रदक्षिणा घालायला लागले की पुजारी मंत्र अर्धवट सोडून "सावकाश, सावकाश" म्हणून ओरडतात. एवढा मान नागपुरात माझ्या अख्ख्या माहेराला कधी मिळाला नाही.

खरा आजार वेगळाच होता. मला डिप्रेशन झालं होतं.

काही घडलं नव्हतं, आणि हेच कुणाला पटत नाही. नवरा भला, नोकरी चालू, सासूबाईंशी माझी भांडणं व्हायची ती बरोबरीची व्हायची. पण एका हिवाळ्यात मला काहीच करवेना. आंघोळीला जायचं म्हणून टॉवेल घेऊन पलंगावर बसायचे आणि दुपारी सासूबाईंनी जेवायला हाक मारली की लक्षात यायचं, टॉवेल अजून मांडीवरच आहे. ऑफिस इंदिरानगरला, पण काम घरूनच. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून मी "येस, डन" म्हणायचे आणि ओढणीनं डोळे पुसायचे. जेवण मातीसारखं लागायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझी बडबड थांबली. नागपूरच्या बाईचं तोंड बंद पडलं म्हटल्यावर नवरा घाबरला आणि मला मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिन्यानं परत बोलावलं. घरी आलो तर सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "औषध घे. मी नको म्हणत नाही. पण लोकांना काय सांगायचं ते मी ठरवणार."

मग त्यांनी माझ्या शरीराची फाळणी सुरू केली. "डोकं नको. डोकं म्हटलं की लोकांना लगेच शंका येते. पोट नको, गल्लीतल्या बायका गोड बातमी समजून डोहाळे विचारत येतील. छाती तर नकोच, तुझे मामेसासरे त्यातच गेले." ताटातला एक खडा त्यांनी बाजूला टाकला. "कंबर बरी. कंबर कुणाचीही दुखते. फिजिओथेरपीला जाते म्हणायचं."

मी तेव्हा भांडायच्या अवस्थेत नव्हते. नाही तर असा तमाशा केला असता की तांदूळ दुसऱ्यांदा निवडावे लागले असते.

आणि काय सांगू बाप्पा, त्या कंबरेनं काय कमाल केली! दुसऱ्या दिवशी समोरच्या घरून निलगिरीचं तेल आलं. वरच्या मजल्यावरून शेकायची पिशवी आली. शेजारच्यांनी त्यांचा उंच पाट आणून दिला, कुणी डिंकाचे लाडू केले, कुणी केरळातल्या वैद्याचा पत्ता दिला. बायका येऊन बसायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या, "काळजी करू नको गं, होतं बरं" म्हणायच्या. तो हात खरंच बरा वाटायचा. फक्त तो चुकीच्या दुखण्यावर फिरत होता. मला मनातून संताप यायचा. मनच बिघडलंय असं मी म्हटलं असतं, तर यातली एक तरी आली असती का लाडू घेऊन? पण लाडू खायचे मी. चांगले होते.

अडचण एकच. मला कंबर दुखल्याचं सोंग जमत नव्हतं. गोळ्या लागू पडायला लागल्या तसं तर अजिबातच जमेना. गल्लीतल्या गणपतीत ढोल वाजला, मी आपली कमरेत पदर खोचून नाचायला लागले, आणि सासूबाईंचा आवाज आला, "कंबर गं, कंबर!" जागच्या जागी मी अशी काही वाकले की ढोलवाल्यानं ढोल थांबवला. नवरा खांबाआड जाऊन हसत होता. त्याला घरी गेल्यावर बघून घेतलं.

एकदा आरोग्य केंद्राची बाई घरोघर चौकशी करत आली. बीपी विचारलं, साखर विचारली. मग जरा संकोचून म्हणाली, "घरात कुणाला खूप दिवस उदास वाटतं का? कशातच मन लागत नाही, असं? आता हेही विचारायला सांगितलंय." मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी उदास नाही. कंबर आहे." बाईनं बरं म्हटलं आणि पुढच्या दारी गेली. मी कान देऊन ऐकत होते. अख्ख्या गल्लीत एकही उदास माणूस निघाला नाही. पाठी, मान, पित्त आणि झोप मात्र दारोदार निघाली.

तर या गल्लीत कोपऱ्यावरच्या घरात अक्का राहतात. सत्तरीला टेकलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकट्या. माझ्या सासरच्या माणसांसारखंच त्यांचंही मराठी घराणं इथलं इतकं जुनं की त्यांच्या मराठीत कानडी कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता येणार नाही. गल्लीत त्यांचा गुडघा माझ्या कंबरेच्या खालोखाल प्रसिद्ध. दर महिन्याला रिक्षा करून त्या मालिशवाल्याकडे जातात, असं सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा मी दवाखान्याच्या हॉलमध्ये बसले होते. हॉल कसला, बसस्टँड! टेकायला जागा नाही. कॉलेजची पोरं, रेशमी साडीतल्या बाया, लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करणारे टाय लावलेले पुरुष, खेड्यातून आलेली अख्खी कुटुंबं. पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं होतं, या जगात अशी मी एकटीच. हॉल बघून तो गर्व उतरला. समोरच्या बाकावर एक बाई छपराखाली, पंख्याखाली, छत्री उघडून बसली होती. छत्रीखालून हिरवी साडी दिसत होती. ती साडी मी ओळखली. मागच्याच संक्रांतीला माझ्यासमोर घेतली होती.

मी जाऊन छत्रीत डोकावले. "अक्का?"

"अय्यो!" अक्का एवढ्या दचकल्या की छत्रीची काडी माझ्या डोळ्यात जाता जाता राहिली. एकमेकींकडे आम्ही बघतच राहिलो. मग त्यांनी घसा साफ केला. "काय गं, कंबर कशी आहे?"

"बरी आहे. तुमचा गुडघा?"

"स्वल्प बरा."

आणि मग आम्ही दोघी त्या छत्रीखाली इतक्या हसलो की नर्स बघायला आली. अशा ठिकाणी कुणी असं हसलं की त्यांना बहुतेक काळजी वाटते.

तेव्हापासून आमची गट्टी जमली. महिन्याच्या महिन्याला आम्ही एकाच रिक्षानं जायला लागलो. रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव सांगायचं नाही, समोरच्या बेकरीचं सांगायचं, हा अक्कांचा नियम. परत येताना त्या बेकरीतून खरंच खारी घ्यायची, म्हणजे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही, हाही त्यांचाच. एवढं होऊनही आम्ही एकमेकींशी बोलताना कधी खरा शब्द वापरला नाही. सवयच लागली. सकाळी पार्कात फिरताना, आजूबाजूला अर्धी गल्ली चालत असायची आणि अक्का खुशाल म्हणायच्या, "काल दिवसभर गुडघा नुसता रडत होता." मी म्हणायचे, "माझ्या कंबरेला दोन दिवस जेवावंसं वाटून राहिलं नाही." एकदा मागून चालणारे एक काका घाबरून म्हणाले, "एमआरआय करा हो लवकर!"

मजा होती. पण त्याच भाषेत अक्का मला काय काय सांगून गेल्या. त्यांचा गुडघा सकाळी उठायला तयार नसतो. गुडघ्याला वाटतं, आपण कुणाला नको आहोत. गुडघ्याला मध्यंतरी वाटत होतं की आता पुरे. हे त्या पार्कातल्या बाकावर बसून, शेंगा सोलत म्हणाल्या होत्या. मी विचारलं, आता? म्हणाल्या, "आता नाही. गोळ्यांनी ते गेलं. गुडघा आता संध्याकाळची वाट बघतो, टीव्हीची." त्या गोळ्या अक्कांना जमिनीवर धरून होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

अक्कांचा मुलगा बंगळुरातच राहतो, के. आर. पुरमच्याही पलीकडे. म्हणजे तसा परदेशातच. तिकडून जयनगरला यायचं तर माणूस सकाळी निघतो आणि पोचेपर्यंत त्याचा मूड, पेट्रोल आणि रविवार तिन्ही संपलेली असतात. फोन मात्र न चुकता. "अम्मा, गुडघा कसा आहे?" एवढं विचारायचं, "बरा आहे" ऐकायचं, ठेवायचा. आणि एक दिवस बहुधा कंटाळून अक्का म्हणाल्या, "बरा नाही." झालं! पुढच्याच शनिवारी पोरगा दारात हजर. बायकोपोरांना घरी ठेवून, लॅपटॉप घेऊन, रजेचा अर्ज टाकून. आईला एका मोठ्या खाजगी इस्पितळात घेऊन गेला, एक्स-रे काढले. सत्तरीचा गुडघा, झीज असणारच. तिथल्या डॉक्टरांनी वाटी बदलू म्हटलं. मुलानं लगेच तारीखही घेतली.

मला हे समोरच्या बाईकडून कळलं. तशीच धावत गेले. मुलगा आत फोनवर होता. अक्का स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या.

"अक्का, काय करून राहिल्या तुम्ही?"

"सुम्ने, उगाच ओरडू नको. ऑपरेशन आहे."

"कशाचं?"

"गुडघ्याचं."

"तो दुखत नाही!"

"थोडा दुखतो," अक्का म्हणाल्या. "जिन्यावर."

मी डोक्याला हात लावला. गोळ्यांचं विचारलं. म्हणाल्या, "तो घरात आहे ना, बंद केल्या. पाकिटं बघून विचारेल, हे कशाचं." ज्यांना त्या गोळ्यांनी धरून ठेवलं होतं, त्यांनी त्या सोडल्या होत्या आणि धडधाकट गुडघा कापून घ्यायला निघाल्या होत्या. डोळ्यांखाली काळं आलेलं दिसत होतं. बोलतानाही मध्येच थांबत होत्या.

"मी सांगते त्याला. आत्ता."

अक्कांनी माझा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावला. "माझी शपथ आहे. माझ्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"पण का? कापून घेणार तुम्ही? खरं सांगण्यापेक्षा कापणं सोपं आहे?"

अक्कांनी कोथिंबिरीची एक काडी उगाच सोलली. मग अगदी हळू म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यावर तो महिनाभर इथे राहणार आहे गं. म्हणाला, इथूनच काम करतो."

मला त्यांचा रागही आला आणि त्यांना कुशीत घ्यावंसंही वाटलं. शेवटी मी त्यांची कोथिंबीर हिसकावून घेतली आणि निवडून दिली. घरी जाऊन सासूबाईंवर ओरडले. त्यांनी कारणही विचारलं नाही. माझी बडबड परत आली याचाच त्यांना आनंद होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अक्कांना भरती करायचं होतं. बाईमाणसाबरोबर कुणीतरी बाई हवी, म्हणून सोबतीला मी. आमच्याकडे सोबतीला नाही म्हणायची पद्धत नाही, आणि मला तर जायचंच होतं. सासूबाईंनी निघताना कंबरेचा पट्टा बांधून दिला, लोकांसमोर बरं दिसतं म्हणून. खोली अशी की हॉटेल वाटावं. मुलगा इकडून तिकडे धावत होता, उशी नीट करत होता, पाणी आणत होता. अक्का पलंगावर बसून त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. इतकं लक्ष त्यांना कितीतरी वर्षांत मिळालं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर नर्सला घेऊन आले. तरुण, घाईत. कानडीत भराभर विचारायला लागले. दमा? नाही. साखर? नाही. दात हलतो? एक. "रोजच्या काही गोळ्या? आत्ताच बंद केलेल्याही सांगा. लपवू नका, भूल देताना घोळ होतो."

"काही नाही," अक्का म्हणाल्या.

मुलगाही म्हणाला, "नाही डॉक्टर, गुडघा सोडला तर अम्मा एकदम ठणठणीत."

डॉक्टर निघाले. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी नजर फिरवली. शपथ तर होती, पण काय होती? माझ्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, असं अक्का म्हणाल्या होत्या. माझं मी काय बोलायचं, हे त्यात कुठेच नव्हतं.

"डॉक्टर, मी घेते!" मी ओरडले.

ते दारात थांबले. "तुम्ही पेशंट नाही."

"नसू दे. मला विचारा. मी रोज गोळी घेते. डिप्रेशनची." गल्लीतली मंडळी तिथे नव्हती, पण मला उगाच वाटलं सगळी ऐकताहेत. तोंड सुटलं होतं, आता थांबते कसली. "माझी कंबर कधी दुखलीच नाही. हा पट्टा सासूबाईंनी बांधलाय. दर महिन्याला मी मानसिक आजारांच्या दवाखान्यात जाते. हॉल भरलेला असतो. तिथे मला ओळखीची माणसं भेटतात. त्यांचे इतर अवयव पण छान असतात."

डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं. नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मुलगा पाण्याचा ग्लास घेऊन तसाच उभा. मी पट्टा सोडून खुर्चीवर टाकला, कारण त्यात श्वास घेता येत नव्हता, आणि मला रडू फुटलं. ते सोंग नव्हतं. मला अक्का हव्या होत्या. धडधाकट, जिवंत, पार्कातल्या बाकावर शेंगा सोलत.

अक्का मला शिव्या घालतील असं वाटलं होतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"डॉक्टर, थांबा," त्या म्हणाल्या. "मीही घेत होते. तीच. हा घरी आला तेव्हा बंद केली." मग मुलाकडे न बघता, एकेक शब्द करत, "गुडघा नाही रे. मला डिप्रेशन आहे. मला जगावंसंच वाटत नव्हतं."

त्या दिवसापर्यंत आम्हा दोघींपैकी कुणाच्या तोंडून मी तो शब्द ऐकला नव्हता, माझ्याही नाही, अक्कांच्याही नाही.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. घाई कुठे गेली कोण जाणे. गोळ्यांची नावं विचारली, कधी बंद केल्या ते विचारलं, आणि म्हणाले, उद्याचं रद्द करू, आधी तुमच्या तिकडच्या डॉक्टरांना भेटा, उद्याच. ते गेले. नर्सही गेली. मीही जायला हवं होतं, पण गेले नाही, खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"कधीपासून?" मुलानं विचारलं.

"खूप वर्षं."

"मला सांगायचं ना, अम्मा."

"एकदा सांगितलं होतं," अक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "फोनवर. म्हटलं, मला फार वाईट वाटतंय, का ते कळत नाही. तू म्हणालास, टीव्ही लाव. देवळात जाऊन ये."

त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला.

"गुडघा म्हटलं तर तू त्या ट्रॅफिकमधून आलास. रजा काढलीस. माझी उशी नीट करतोस. वाईट वाटतंय म्हटल्यावर आला असतास?"

मला वाटलं तो लगेच हो म्हणेल. कुणीही म्हणालं असतं. तो ग्लासाकडे बघत राहिला. चांगला मुलगा आहे तो, मी आधीपासून म्हणते.

"नसतो आलो," तो म्हणाला.

अक्कांनी मान हलवली. मग पाय थोडे आत ओढून पलंगावर जागा केली.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "आता आलायस ना? मग बस."